दिवेलागणीनंतरचे चित्रपट

चित्रपटांविषयी लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच की, गेल्या दीड वर्षात मी ते बरेच पाहिले. त्याआधीची चाळीस वर्षे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर गेली. सकाळी सौदे, मग वजने, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, दुपारी गाडी भरण्याची घाई आणि रात्री रोजमेळ. या धबडग्यात तीन तास एका खुर्चीवर बसून राहणे म्हणजे पेढीकडे पाठ फिरवण्यासारखे वाटे. आता चिरंजीव गादीवर बसतात. आमच्या घरी दिवे लागण्यापूर्वी जेवणे उरकतात, त्यामुळे सातनंतरची संध्याकाळ लांबच लांब पसरलेली असते. धाकट्या भावाची मुलगी औषधनिर्माणशास्त्र शिकते. सुट्टीला घरी आली की दूरचित्रवाणीचा ताबा तिच्याकडे जातो. मधल्या खोलीत बैठक घालायची, माझ्या मातोश्रींना, म्हणजे आक्कांना, भिंतीला टेकून बसवायचे आणि तिने लावलेला चित्रपट पाहायचा, असा परिपाठ पडला आहे. निवड तिची, मते माझी. कधी कधी आक्कांची.

सांगलीकराने नाटक-सिनेमाविषयी मत देण्यात नवल नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली याच गावात ‘सीता स्वयंवर’ रंगवले, तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येकाला थोडेफार कळते अशी प्रत्येकाची समजूत आहे.

आरंभ ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने झाला. परेश मोकाशी यांचा हा २००९ सालचा चित्रपट. दादासाहेब फाळके यांनी भारतातला पहिला कथाचित्रपट कसा उभा केला, त्याची ही हकिकत. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आला, हे शाळेत पाठ केले होते. त्यामागे भांडवल कोणाचे, हा प्रश्न मात्र मास्तरांनी कधी विचारला नव्हता. व्यापाऱ्याच्या मनात तो आधी येतो. छपाईच्या धंद्यातली भागीदारी सोडलेला, चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ विम्याची पॉलिसी गहाण टाकतो, विलायतेला जातो, यंत्र घेऊन परततो. मग एका दाण्याला कोंब फुटून रोप कसे वाढते त्याचे रोज थोडे थोडे चित्रण करतो आणि ती छोटी फीत दाखवून भांडवलदाराचा विश्वास मिळवतो. बाजारात आम्ही यालाच नमुना दाखवणे म्हणतो. पोत्यात पारखी खुपसून काढलेली मूठभर हळद पाहून शंभर पोत्यांचा भाव ठरतो, त्यातलाच हा प्रकार.

या चित्रपटाचा खरा गुण त्याच्या प्रसन्नपणात आहे. घरातले सामान एकेक करून विकले जाते, पण सरस्वतीबाई रडत बसत नाहीत. त्या फिल्म धुण्याच्या कामाला लागतात. नंदू माधव यांचे फाळके कर्जात बुडूनही लग्नघरातल्या माणसासारखे वावरतात. इतका आनंद मला थोडा जास्त वाटला. देणेकऱ्यांना तोंड चुकवणारा माणूस रात्री एकटा असताना कसा दिसतो, हे मी पाहिले आहे. ती एक रात्र चित्रपटात असती तर बरे झाले असते.

त्यानंतरचा ‘रॉकेट सिंग’ हाही २००९चाच. शिमित अमीन यांनी दिग्दर्शित केलेला आणि जयदीप साहनी यांनी लिहिलेला. रणबीर कपूर यांचा हरप्रीत हा बेताच्या गुणांनी बी. कॉम. झालेला सरदारजी मुलगा संगणक विकणाऱ्या कंपनीत नोकरीला लागतो. गिऱ्हाइकाच्या माणसाने लाच मागितली म्हणून तो भाबडेपणाने तक्रार करतो, आणि कंपनी त्याच्यावरच उलटते. सहकारी त्याच्या अंगावर कागदी रॉकेटे फेकतात. या अपमानातून तो त्याच कचेरीत बसून स्वतःची गुपचूप कंपनी काढतो. दूरध्वनीवरची मुलगी, यंत्रे जोडणारा कारागीर आणि चहा देणारा छोटेलाल, असे तिथले दुर्लक्षित लोक तो हाताशी धरतो. मुख्य म्हणजे त्यांना पगारावर ठेवत नाही, भागीदार करतो. विकलेल्या मालाची दुरुस्ती वेळेवर करून देणे, दिलेल्या शब्दाला जागणे, एवढ्या साध्या भांडवलावर त्याचे गिऱ्हाईक वाढत जाते.

हा चित्रपट आमच्या तरुण मंडळींनी जरूर पाहावा. नाचगाणी जवळजवळ नाहीत, आणि विक्रीचे काम इतक्या बारकाईने दाखवणारा दुसरा हिंदी चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. तरीही माझे एक भांडण राहिले. पगार एकाचा घ्यायचा, त्याच्याच टेबलावर बसून, त्याच्याच फोनवरून आपला धंदा करायचा, याला चित्रपटकर्त्याची सहानुभूती फार लवकर मिळते. मालक दुष्ट आहे हे खरे. पण मालक दुष्ट निघाला की चाकराचे सगळे हिशेब माफ होतात काय? मी हे मोठ्याने बोललो, तेव्हा चिरंजीव हसून म्हणाले, “आण्णा, तुम्ही पुरीसाहेबांच्या बाजूचे दिसता.” मी त्या पुरीसाहेबांच्या बाजूचा नाही. आमच्या पेढीवर तीस वर्षे काम केलेल्या दिवाणजींना बाबांनी वेगळी अडत काढून दिली, तेव्हा पहिल्या हंगामाची उचलही आमच्याच गल्ल्यातून गेली होती. जाणारा माणूस समोरच्या दाराने जावा, एवढेच माझे म्हणणे.

‘लापता लेडीज’ आक्कांना सर्वांत आवडला. किरण राव यांचा हा २०२४ सालचा चित्रपट. गाडीच्या डब्यात सारख्याच घुंगटातल्या नव्या नवऱ्या बसलेल्या. घाईत नवरा भलतीचाच हात धरून उतरतो, आणि त्याची फूल पुढच्या स्टेशनावर एकटी पडते. तो शोधत फिरतो, तेव्हा दाखवायला त्याच्याजवळ बायकोचा एकच फोटो आहे, आणि त्यातही तिच्या तोंडावर घुंगट आहे. आम्ही सगळे हसलो. आक्का हसल्या नाहीत. त्यांच्या लग्नाच्या एकुलत्या फोटोत त्यांचा चेहरा पदराच्या सावलीत आहे आणि बाबांच्या टोपीची कडा तेवढी स्पष्ट दिसते, हे मला नंतर आठवले. छाया कदम यांची मंजू माई ही स्टेशनावर चहाचा ठेला चालवणारी बाई तर आक्कांना आपल्या ओळखीचीच वाटली. त्या ठेल्यावर फूल कलाकंद करते, तो खपतो आणि तिला आयुष्यातली पहिली कमाई मिळते. पैसे हातात घेताना तिचा चेहरा पाहून आक्का म्हणाल्या, “मी पापडाचे पैसे पहिल्यांदा घेतले तेव्हा मोजले पण नव्हते. लाज वाटली.” आक्कांनी कधी पापड विकले होते, ही गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती. बाबांचे दुकान १९७२च्या दुष्काळात बसले होते, तेव्हाची ती हकिकत. पुढचा अर्धा तास चित्रपट थांबवून ठेवावा लागला.

‘वाळवी’विषयी थोडेच लिहितो, कारण जास्त लिहिले तर पाहणाऱ्याची गंमत जाईल. नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोचा काटा काढण्याचा बेत आखतात, आणि बेत ठरल्याप्रमाणे घडत नाही. स्वप्नील जोशी, सुबोध भावे, अनिता दाते, शिवानी सुर्वे अशी मोजकी पात्रे आहेत. हाही मोकाशींचाच, त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. खुनासारख्या विषयावर हसवणे मला एरवी रुचत नाही. इथे लबाडांची फजिती होते म्हणून हसू येते, आणि शेवट पाहून आपण कशावर हसत होतो याचा विचार करावा लागतो. लहान मुलांसमोर लावू नये.

‘तुंबाड’ मात्र चित्रपटगृहात पाहिला. २०१८ साली तो आला तेव्हा फारशी गर्दी झाली नाही. २०२४च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा तरुणांच्या रांगा होत्या. चिरंजीवांनी मला सोबत नेले. भुताखेतांचा चित्रपट म्हणून मी नाखुशीनेच गेलो होतो.

राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटाची कथा १९१८ साली सुरू होते. कोकणातला सतत कोसळणारा पाऊस, पडका वाडा, आणि त्याच्या पोटात हस्तर नावाचा शापित देव. समृद्धीच्या देवीचा हा थोरला मुलगा. त्याने सोने बळकावले. मग धान्यावर हात टाकला तेव्हा इतर देवांनी त्याला झोडपले. सोने त्याच्याजवळ राहिले, अन्नाचा कण मात्र मिळाला नाही. म्हणून त्याच्या कमरेच्या लंगोटीत सोन्याच्या मोहरा भरलेल्या आहेत आणि तो युगानुयुगे भुकेला आहे. विनायक दोरीने खाली उतरतो, कणकेची बाहुली त्याच्यापुढे टाकतो, तो तिच्यावर तुटून पडला की लंगोटीतून चार मोहरा ओढून वर पळतो. हे वर्षानुवर्षे चालते.

हा देव कोणत्याही पुराणात नाही; चित्रपटवाल्यांनी तो रचला आहे. पण ज्याने रचला त्याला बाजार कळतो. हस्तरजवळ जे आहे ते सगळ्या जगाला हवे, आणि त्याला हवी आहे मूठभर कणीक, जी कोणत्याही स्वयंपाकघरात डब्यात पडलेली असते. आयुष्यभर पोत्यांच्या राशीत वावरलेल्या माणसाला हा व्यवहार पाहून गरगरल्यासारखे झाले.

त्याहून अंगावर आला तो मुलगा. विनायक आपल्या पांडुरंगाला धंद्यात घेतो. लंगडा, अजाण वयाचा पोर. बाप त्याला दोरी कशी धरायची, किती वेळात हात मारायचा, हे शिकवतो. आपल्याकडे मुलगा पहिल्यांदा गादीवर बसतो त्या दिवसाची आठवण व्हावी, इतके ते दृश्य ओळखीचे आहे. आणि तो मुलगा बापाच्या पुढे जातो. दर खेपेला चार मोहरा कशाला, सगळी लंगोटीच आणू, ही कल्पना त्याची. जास्त बाहुल्या नेल्या तर काय होईल याचा हिशेब दोघांपैकी कोणीच केलेला नसतो.

परत येताना गाडीत आम्ही दोघे बराच वेळ बोललो नाही. याचे कारण घरच्यांना ठाऊक आहे. हळदीचे वायदे २००४पासून होतात, आणि आमच्या चिरंजीवांचा ओढा प्रत्यक्ष मालापेक्षा त्या पडद्यावरच्या आकड्यांकडे अधिक आहे. माल न पाहता, वास न घेता, पेवात किंवा गोदामात एक पोते न ठेवता खरेदी-विक्री करायची, हे मला झेपत नाही. त्याचे म्हणणे असे की, भाव पडण्याची भीती ज्याला आहे त्याच्यासाठी वायदा हे छत्रीसारखे साधन आहे, आणि ते खोटे नाही. जोपर्यंत गोदामातल्या पोत्यांएवढाच वायदा विकला जातो तोपर्यंत ती छत्री. गोदामात शंभर पोती आणि वायदा हजाराचा, तेव्हा मात्र कोणती बाहुली किती जणांना जागे करील, सांगता येत नाही. अंकली गेल्यावर त्याने आपण होऊन विषय काढला. “आण्णा, विनायकनं पोराला खाली उतरायचं शिकवलं. वर कधी यायचं ते कधी शिकवलंच नाही.” मी विचारले, “तुला कोणी शिकवलं?” तो म्हणाला, “तेच विचारतोय.” त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून मर्यादेचा आकडा ठरवला आणि तो रोजमेळाच्या पहिल्या पानावर लिहिला. आकडा येथे सांगत नाही. गेल्या हंगामात तो दोनदा ओलांडला गेला, आणि त्यावरून घरात भांडणही झाले.

या चित्रपटात विनायक झालेले सोहम शाह यांना मी नंतर दुसऱ्या एका चित्रपटात शेअर दलालाच्या भूमिकेत पाहिले. तो चित्रपट ‘शिप ऑफ थीसियस’. आनंद गांधी यांचा, २०१३ साली आपल्याकडे प्रदर्शित झालेला. छायाचित्रणही ‘तुंबाड’प्रमाणेच पंकज कुमार यांचे. त्यात तीन कथा आहेत, तिन्ही अवयवरोपणाभोवतीच्या. अंध छायाचित्रकार स्त्रीला दृष्टी येते आणि तिची कला हरवते. त्या दलालाला मूत्रपिंड मिळते, आणि एका गरीब मजुराचे मूत्रपिंड चोरले गेल्याचे कळल्यावर तो त्याचा माग काढत परदेशापर्यंत जातो. आमच्या घरात चर्चा झाली ती मधल्या कथेची.

मैत्रेय हे एक साधू. नीरज कबी यांनी ही भूमिका केली आहे, आणि त्यासाठी अंग इतके झिजवले आहे की पाहवत नाही. त्यांचा संप्रदाय चित्रपटाने काल्पनिक ठेवला आहे, पण अनवाणी विहार, शुभ्र वस्त्रे, पायाखाली जाणाऱ्या किड्याला हलक्या हाताने बाजूला ठेवणे हे पाहून आपल्यापैकी कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही. प्राण्यांवर होणाऱ्या औषधांच्या प्रयोगांविरुद्ध ते न्यायालयात लढत असतात. अशातच त्यांचे यकृत निकामी होत असल्याचे निदान होते. जगायचे तर त्याच औषधांवर जगावे लागणार. ते औषध नाकारतात. चार्वाक नावाचा एक तरुण त्यांच्याशी वाद घालत राहतो. त्यात राग नाही, माया आहे. पवनचक्क्यांच्या माळावरून पायी चाललेल्या साधूंचे दृश्य तर विसरता येत नाही. शेवटी असह्य वेदनांनंतर मैत्रेय उपचार स्वीकारतात.

आता हे सांगितले पाहिजे की आक्कांचे वय ब्याऐंशी आहे. हृदयाचे दुखणे असल्याने रोज पाच औषधे चालू असतात. गेल्या वर्षी चातुर्मासात त्यांच्या पायांवर सूज आली. डॉक्टरांना कारण कळेना. अखेर देव्हाऱ्याखालच्या खणात एका डबीत तेवीस कॅप्सूल सापडल्या. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात, हे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. कोणाशी वाद नको म्हणून त्या गप्प राहिल्या आणि रोज एक कॅप्सूल डबीत टाकत गेल्या. भावाचा संताप झाला. पुतणीने डॉक्टरांशी बोलून त्याच कामाचे दुसरे औषध गोळीच्या रूपात मिळवले, सूज उतरली, आणि घरापुरता प्रश्न मिटला.

तोच प्रश्न या चित्रपटाने पुन्हा उघडला. पुतणीने तो मुद्दाम लावला होता की नाही, हे ती सांगत नाही. चित्रपट संपल्यावर आक्कांनी तिला विचारले, “म्हणजे कवच बदललं तरी आतलं तसंच?” ती क्षणभर थांबली. मग तिने खरे ते सांगितले, की जवळजवळ प्रत्येक औषध माणसाला देण्यापूर्वी प्राण्यांवर तपासले गेलेले असते. भाऊ उठून बाहेर गेला. खोलीत असा शुकशुकाट झाला की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. मला त्या मुलीचा रागही आला आणि अभिमानही वाटला. खोटे बोलणे किती सोपे होते!

दोन दिवस आक्का फार बोलल्या नाहीत. गोळ्या घेत होत्या. आम्ही डबी रोज तपासत होतो, आणि ते त्यांना कळत होते. तिसऱ्या दिवशी त्या पुतणीला म्हणाल्या, “मी घेते. बरोबर आहे म्हणून घेत नाही. तुम्ही सगळे दाराआडून बघता म्हणून घेते. पण तुझ्या शास्त्रात दुसरी वाट आहे का, ते मला सांग.” तेव्हापासून ती सुट्टीला आली की कागद घेऊन बसते. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर प्रयोग करण्यास भारतात २०१४ साली बंदी आली. नव्या औषधांच्या बाबतीत २०२३ साली नियमांत बदल झाला, आणि प्राण्यांऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी, संगणकावरची प्रारूपे अशा पद्धतींना वाव मिळाला. सक्ती नाही, मुभा आहे, हे आक्कांनी तिच्याकडून नीट उलगडून घेतले. यकृताच्या पेशी इवल्याशा काचपट्टीवर कशा जगवतात, हे त्यांनी दोनदा समजावून घेतले. व्यापाऱ्याच्या घरातल्या बाईला मुभा आणि सक्ती यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

चित्रपट म्हणून मला तो थोडा जड वाटला; इंग्रजी संवाद फार, आणि वाद कधी कधी पुस्तकातून उचलल्यासारखे. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेला चित्रपट आहे, तेव्हा दोष माझ्या पाहण्यातही असेल. आक्कांचा आक्षेप वेगळा आहे. त्या म्हणतात, “साधूंनी औषध घेतलं तिथवर ठीक. पण घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते कसे उठले, ते दाखवायला पाहिजे होतं.” चित्रपट ते दाखवत नाही, मैत्रेय शेवटी अवयव मिळालेल्या इतरांच्या मेळाव्यात दिसतात, तेवढेच. त्याचा पुढचा भाग निघाला आहे काय, अशी चौकशी आक्कांनी पुतणीकडे केली. नाही म्हटल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. सूर्यास्ताला दहा मिनिटे होती आणि संध्याकाळच्या दोन गोळ्या राहिल्या होत्या.